निरंकची पहिली वेलांटी

बाई, आपली शाळा तूर्त बंद होत नाही. परवा कार्यालयातून तसं पत्र आलं आणि मी ते तीनदा वाचलं. कुठलाही सरकारी कागद एकदा शब्दांसाठी, एकदा अर्थासाठी आणि एकदा त्यात काय लिहिलेलं नाही ते शोधण्यासाठी वाचायचा, ही सवय तुम्हीच लावलीत. तिसऱ्या वाचनात 'तूर्त' हा शब्द टोचला आणि मी त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "तूर्त म्हणजे कधीपर्यंत, ते विचारणारं पत्र आजच्या आज टाक." टाकलं, बाई. जावक क्रमांक घालून टाकलं. हे दुसरं पत्र मात्र तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. आता तुमचं उत्तर येण्याची भीती नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच लिहायचा धीर झाला आहे.

तुम्ही गावात आलात तेव्हा मी तिसरीत होते. बार्शीहून निघून, सोलापूरला एसटी बदलून, एक ट्रंक आणि एक वातीचा स्टो घेऊन तुम्ही आमच्या पुढच्या खोलीत भाडेकरू म्हणून उतरलात. अख्खं गाव घरात कानडी बोलणारं आणि शाळा मराठी. पहिल्या दिवशी तुम्ही वर्गात काहीतरी लांबलचक विचारलंत आणि आम्ही सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसलो. संध्याकाळी तुम्ही सरळ अव्वाच्या, माझ्या आईच्या, चुलीपाशी येऊन बसलात आणि म्हणालात, "मला तुमची भाषा शिकवा, मी तुमच्या पोरांना माझी शिकवते." अव्वानं भाषेआधी भाकरी शिकवायला घेतली. तुम्हाला ज्वारीची भाकरी यायची, पण आमच्याकडची पापडासारखी पातळ, कडक करून आठवडाभर ठेवायची भाकरी काही केल्या जमेना. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा अव्वा म्हणाली, "बाई, ह्ये भाकरी हाय का जिल्ह्याचा नकाशा हाय वो?" तुम्ही ती भाकरी उजेडात धरलीत, बार्शी कुठं, मंगळवेढा कुठं आणि आपलं गाव कुठं ते आम्हा भावंडांना बोटानं दाखवलंत, आणि मग शेंगाचटणी लावून अख्खा जिल्हा खाऊन टाकलात. अव्वा पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगून हसायची.

त्याच चुलीपाशी तुम्ही मला अर्ज लिहायला शिकवलंत. मी पाटावर बसलेली, मांडीवर फळी, आणि तुम्ही पीठ मळता मळता मजकूर सांगताय. मी 'आपण दयाळू आहात' असं लिहिलं की तुमचा पिठाचा हात थेट कागदावर यायचा. "खोड ते. दयाळू म्हटलं की माणूस दयाळू होऊन गप्प बसतो. काय नाही ते लिही, कुणाला नाही ते लिही, आणि ते देणं कुणाचं काम आहे ते लिही. अर्जात रडायचं नाही." मग शेवटी 'आपला नम्र' लिहायचं की नाही, असं मी विचारलं, तर म्हणालात, "लिही की. नम्र असायला आपलं काय जातं?" आणि वर डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक. गावातल्या तीन शिक्षकी शाळेत आवक-जावक वही कोण ठेवतं, बाई? तुम्ही ठेवलीत. क्रमांक नसलेलं पत्र हे पत्र नव्हे, मनातलं बोलणं आहे, असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या वहीत शाळेच्या गळक्या कौलांसाठी, तुटलेल्या फळ्यासाठी, न आलेल्या पुस्तकांसाठी पाठवलेल्या पत्रांची रांग लागलेली असायची. उत्तरं फार थोडी यायची. तरी तुम्ही दर महिन्याला जुनं पत्र काढून, त्याचा क्रमांक घालून, नवं लिहायला बसायचात. गावातले लोक म्हणायचे, बाईंना लिहायचा आजार हाय.

आता निरंकची गोष्ट. तुम्ही ती लोकांना जशी सांगायचात तशीच आधी लिहिते. मी सातवीत होते. शाळेची वर्षाची माहिती तालुक्याला पाठवायची होती. मोठा तक्ता, खाली कार्बन घालून तीन प्रती, आणि शेवटचा रकाना 'अडचणी व मागण्या'. माझं अक्षर चांगलं म्हणून उतरवायचं काम माझ्याकडे. ऐन वेळी तुमची आई आजारी पडली आणि तुम्ही दोन दिवसांसाठी बार्शीला गेलात. जाताना सांगून गेलात, "बाकीचं गेल्या वर्षीसारखं उतरव. शेवटच्या रकान्यात पाण्याचं लिही." शाळेत पिण्याचं पाणी नव्हतं. मोठ्या मुली ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून घागरी भरून आणायच्या, आणि त्या वर्षी तालुक्यातल्या शाळांना नळ मिळणार अशी कुणकुण होती. नमुना म्हणून शेजारच्या गावच्या शाळेचा तक्ता समोर होता. त्यांच्याकडेही पाणी नव्हतं, आणि त्यांच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता, 'निरंक'. मी तोच शब्द आपल्या तक्त्यावर, तिन्ही प्रतींवर उमटेल असा दाबून लिहिला. तुम्ही सकाळच्या एसटीनं उतरलात तेव्हा तीच एसटी परत तालुक्याला निघाली होती आणि आपले म्हातारे गुरुजी तक्ता घेऊन पायरीवर उभे होते. ड्रायव्हर हॉर्न देतोय, कंडक्टर घाई करतोय. तुम्ही बसच्या पत्र्यावर कागद ठेवून उभ्या उभ्या सही केलीत. आयुष्यात तेवढी एकच सही तुम्ही न वाचता केली असेल.

चार-पाच महिन्यांनी साहेब शाळा तपासायला आले. आजूबाजूच्या बऱ्याच शाळांत नळ आले होते. तुम्ही विचारलंत, आमचा कुठं अडला? साहेबांनी फाईल उघडून तुमच्यापुढे सरकवली. "बाई, तुमची मागणीच निरंक हाय की. सही तुमचीच हाय बघा." मी दाराशी चहाचे कप घेऊन उभी होते. तुम्ही कागदाकडे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत. माझं अक्षर तुम्ही अंधारातही ओळखलं असतं. आणि तुम्ही म्हणालात, "माझी चूक. मी न वाचता सही केली." साहेब गेल्यावर मला जवळ बोलावलंत. "पाण्याचं लिही म्हटलं होतं ना गं? मग हे काय लिहिलंस?" मी म्हटलं, "पाण्याचंच लिहिलंय की, बाई. नीर. नीर म्हणजे पाणी." आमच्या कानडीत पाण्याला नीर म्हणतात, हे एव्हाना तुम्हाला अव्वाकडून पाठ झालं होतं. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलात आणि मग खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन शब्द लिहिलेत. नीर, दुसरी वेलांटी. निरंक, पहिली वेलांटी. आणि वर्गाला सांगितलंत की निरंक म्हणजे काही नाही, शून्य, आणि हा शब्द आपल्या शाळेतून कधीही बाहेर जाणार नाही. मला मात्र बाजूला घेऊन म्हणालात, "मी हसले म्हणून सुटलीस असं समजू नको. न विचारता लिहिलेला शब्द पुढं दुसऱ्याला भोवतो." त्या दिवसापासून माझी पाण्याची पाळी तुम्ही बंद केलीत. इतर मुली घागरी घेऊन निघाल्या की मी तुमच्या टेबलाशेजारी बसून नळासाठी पत्रं लिहायची. रोज एक. काही पाठवायचात, बरीच फाडून परत लिहायला लावायचात.

नळ यायला अजून दोन वर्षं गेली. त्याआधी, सातवीतच, माझ्या मैत्रिणीची शाळा सुटली. आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावर. तिची आई एक दिवस शाळेत आली आणि तुम्हाला म्हणाली, "बाई, हितं येऊन बी पाणीच भरायचं हाय तर घरचं भरू दे की." तुम्ही तिच्या घरी तीनदा गेलात. तिसऱ्या वेळी मला बरोबर घेतलंत. मैत्रीण चुलीमागं बसून होती, माझ्याकडे बघायला तयार नव्हती. परत आल्यावर त्या दिवशी तुम्ही भाकऱ्या केल्या नाहीत. पुढं तिचं लग्न मामाच्या मुलाशी झालं, गावातल्या गावात, दोन गल्ल्या सोडून.

मी आठवीला सोलापूरला मावशीकडे निघाले तेव्हा तुम्ही मला फुलस्केप कागदांचं अख्खं रीम दिलंत. इतर मुलांना पेनं, कंपास असलं काही मिळालं होतं, आणि मी विटेएवढं जड बोचकं घेऊन एसटीत चढले. म्हटलं, "बाई, याचं काय करू?" तर म्हणालात, "अर्ज लिही. कुणाला लिहायचे ते तिकडं गेल्यावर कळेल." कळलं, बाई. मावशीच्या गल्लीत चादरीच्या मागांचा खडखडाट दिवसभर चालायचा आणि पलीकडच्या महापालिकेच्या शाळेत मास्तरांचा आवाज पोरांपर्यंत पोचायचा नाही. खिडक्यांना तावदानं मागणारा पहिला अर्ज मी नववीत लिहिला. तुमचंच रीम, तुमचीच पद्धत. तावदानं बसली. त्या दिवशी मला जे वाटलं ते पुन्हा पुन्हा वाटावं म्हणून मी आजपर्यंत हेच करत आले आहे.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगताच आलं नाही. गावाला अजूनही वाटतं मी तालुक्याच्या हापिसात आहे. आमची संस्था लहान आहे, सोलापुरात दोन खोल्यांची. सरकारी शाळेला कायद्यानं जे मिळायला हवं ते मिळतं का हे बघायचं, आणि मिळत नसेल तर तिथल्या पालकांना मागायला शिकवायचं. पालकांची समिती असते, तिनं शाळेचा आराखडा करायचा असतो, तो वर जायचा असतो. होतं असं की आराखडा कुणीतरी एकटाच भरतो आणि अडचणींच्या रकान्यात तुमचा तो शब्द. आम्ही असे कितीतरी कागद गोळा करून वरच्या साहेबांपुढे ठेवले आणि म्हटलं, तुम्ही म्हणता शाळांना निधी लागत नाही, ते कशावरून म्हणता हे बघा. खालून निरंक येतं, वर त्याची बेरीज होते आणि बेरजेवर धोरण बनतं. त्यावर एक साहेब म्हणाले, "मॅडम, लोक मागतच नाहीत त्याला आम्ही काय करणार?" मी म्हटलं, "मागायला शिकवतेय, थोडं थांबा." तुम्ही असतात तर याहून तिखट बोलला असतात.

शिबिरात मी नीरची गोष्ट सांगते. दरवेळी सांगते. पालक खळखळून हसतात, कानडी बायका तर पदर तोंडाला लावतात, आणि एकदा हसल्या की पुढं त्यांना लिहायची भीती वाटत नाही. ही गोष्ट माझी भाकरी झाली आहे म्हणा ना. शेवटचं भेटायला मी बार्शीला आले होते तेव्हाही तुम्ही तीच सांगितलीत. तुम्ही अंथरुणाला टेकून बसलेल्या, तुमच्या सूनबाई चहा गाळतायत, आणि तुम्ही त्यांना सांगताय, "हिची शुद्धलेखनात पाच वर्षांत एक वेलांटी चुकली नाही. आणि फसली ती नीर आणि निरंकमध्ये." मग माझ्याकडे वळून, हसत, "पण हुशार हो. लगेच सुचलं तुला." मीही हसले. चहा घेतला, तुमच्या पाया पडले आणि एसटी धरली. बसमध्ये सोलापूरपर्यंत तुमचं ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं.

यंदा कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिसळायच्या यादीत आपली शाळा आली. आता ती चौथीपर्यंतच उरलीय, चौदा मुलं. मोठी शाळा चौपदरी रस्त्यापलीकडे आहे, चार किलोमीटरवर. मी माहिती काढायला गेले तर कागदावर रकाना होता, 'समायोजनास ग्रामस्थांची हरकत', आणि त्यापुढे तो शब्द. आपल्या शाळेतून, बाई. तुमच्या शाळेतून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावात जाऊन शाळेतल्या आताच्या तरण्या गुरुजींना फैलावर घ्यायचं ठरवूनच मी निघाले. ते टेंभुर्णीकडचे, नोकरी लागून दोन-तीनच वर्षं झालेली, शाळेत एकटे. त्यांनी मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला आणि म्हणाले, "मॅडम, हरकत हाय म्हणून लिवलं की फोन येतो, कोण कोण हरकत घेतंय त्येंची नावं पाठवा. निरंक लिवलं की फोन येत न्हाय." मी तोंड उघडलं आणि मला तुमचा तो चेहरा दिसला, साहेबांच्या फाईलपुढचा. मग म्हटलं, "गुरुजी, लोकांना विचारलं होतं का?" ते म्हणाले, "न्हाय." म्हटलं, "मग आता विचारू. सभा घ्या, मी बसते." देवळाच्या कट्ट्यावर सभा झाली. मी नेहमीची गोष्ट सांगणार होते, पण समोर पहिल्या ओळीत माझी मैत्रीण बसली होती, नातीला मांडीवर घेऊन. नात दुसरीत आहे. ती गोष्ट मी सोडून दिली. नुसती तुमची पद्धत सांगितली, काय नाही, कुणाला नाही, कुणाचं काम. ठराव मैत्रिणीनंच लिहिला. सातवीपर्यंतचं तिचं अक्षर, अजून तसंच ठळक, प्रत्येक रेघ मोजून मारलेली.

सुनावणीला आम्ही अकरा जण एसटीनं सोलापूरला आलो. साहेब वाईट नव्हते, दमलेले होते. त्यांच्यापुढे अशा शाळांचा ढीग होता. त्यांनी संगणकाकडे बघून वाचलं, "ग्रामस्थांची हरकत निरंक आहे. मग आता काय?" आपले गुरुजी उभे राहिले. "साहेब, तो शब्द मी लिवलाय. कुणाला न विचारता लिवलाय. चूक माझी हाय." मला तुमचा फार अभिमान वाटला, बाई. ते वाक्य मी त्यांना शिकवलेलं नव्हतं, आणि तुम्ही तर त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं. मग मैत्रीण उठली. म्हणाली, "साहेब, मी बोलू का? मोठ्या शाळेला जायला गाडी देतो म्हणतायसा. आज द्याल, उद्या डिझेल न्हाय म्हणाल. मग पोरी घरी. पोरीची शाळा कशी सुटती ते मला इचारा की. आमच्या शाळेत नळ नव्हता. तिसऱ्या तासाला घागर घेऊन जायचं. माझी आई म्हणली, पाणीच भरायचं तर घरचं भर. झालं. एक नळ आसता तर मी बी हितं खुर्चीवर बसले आसते, हिच्यावानी." असं म्हणून तिनं माझ्याकडे बोट केलं, कौतुकानं. सगळे माझ्याकडे बघून हसले. साहेबांनीही चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "ठराव आणलाय का लेखी?" तिनं पिशवीतून कागद काढला. त्यावर डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक होता. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं असेल, बाईमाणूस लाजतंय.

मला निरंकचा अर्थ माहीत होता, बाई. तक्ता उतरवताना मी म्हाताऱ्या गुरुजींना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "निरंक म्हंजे काय न्हाय. काय आडचण न्हाय, काय मागणं न्हाय. समदे तेच लिवत्यात." हे ऐकून, समजून, पेन दाबून मी लिहिलं. कारण नळ आला की पाण्याची पाळी बंद होणार, असं तुम्हीच वर्गात आनंदानं सांगितलं होतं, आणि मला नळ नको होता. तुमच्या वर्गात मी सगळ्यात हुशार होते ती तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य मनात मराठीत जुळवून बघायची म्हणून. दिवसभर जुळवायची. तिसऱ्या तासाला माझी मैत्रीण घागर उचलायची, मला हाक मारायची, "लगू बा!" म्हणजे लवकर ये, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की आम्ही कानडीत सुटायचो. ओढ्यातल्या खडकांवरून, चिंचेखालून, विहिरीच्या पायऱ्यांपर्यंत नुसती बडबड. दिवसातला तेवढा एक तास मला शब्द शोधावा लागायचा नाही. तो जाऊ नये म्हणून मी नळ घालवला. आणि ज्या मैत्रिणीबरोबर तो तास हवा होता तिचीच शाळा त्यापायी सुटली. नीरची सबब तर मला तिथल्या तिथं सुचली, कप हातात असताना.

आणि तुम्हाला कळलं होतं, असं मला आता वाटतं. म्हाताऱ्या गुरुजींनी सांगितलं असेल. नसेल सांगितलं तरी, जिची वेलांटी कधी चुकली नाही ती नीर म्हणून निरंक लिहील, हे तुम्हाला पटलं असेल कसं? तुम्ही हसण्याआधी जरा वेळ माझ्याकडे बघत होतात, तो वेळ मी किती वर्षं मोजतेय. फळ्यावर दोन वेलांट्या काढून तुम्ही वर्गापुढे माझी लाज राखलीत. पाळी बंद करून मला माझी शिक्षा दिलीत, आणि ती शिक्षा म्हणजे रोज एक पत्र. त्या शिक्षेवर माझं अख्खं आयुष्य उभं आहे. राग आला असता तर तुम्ही मला ओरडला असतात आणि मी विसरले असते. तुम्ही मला कामाला लावलंत, त्याबद्दल तुमचे पाय धरावेत असं वाटतं, आणि ते आता धरता येत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

या पत्राच्या डाव्या कोपऱ्यात मी काही लिहिलेलं नाही. तुमच्या हिशेबानं हे पत्रच नव्हे, नुसतं मनातलं बोलणं. आपल्या शाळेच्या फायलीत सगळ्यात मागे लावून ठेवते. रविवारी मैत्रिणीनं जेवायला बोलावलंय, शाळा राहिली म्हणून पुरणपोळी करणार आहे. तिला सांगायचं ते मी मनात जुळवून बघितलं. मराठीत सगळं नीट लागतं, कुठं अडत नाही, काना-मात्रा जागच्या जागी. पण तिच्याशी मनातलं काही मी आजवर मराठीत बोललेले नाही. आणि कानडीत सुरुवात केली की पहिलाच शब्द नीर येतो, आणि मी पुन्हा मराठीत जुळवायला लागते.